न झालेलं महायुद्ध

लाँड्रीत दर शुक्रवारी संध्याकाळी सूनबाई रेडिओवर एक मालिका लावायची. मालिका महायुद्धाची, पण त्यात युद्ध झालंच नव्हतं. सीमेवर सैन्यं उभी, तोफा सज्ज, आणि दर भागात आता भडका उडणार असं वाटेपर्यंत दोन्हीकडचे लोक पुन्हा बोलायला बसायचे.

“जे झालं ते शाळेत पाठ होईना, आणि जे झालंच नाही ते कान टवकारून ऐकतेस!” सासरे म्हणायचे. पण पुढे पुढे तेच हातातली इस्त्री बाजूला ठेवून ऐकू लागले. एकदा भाग संपल्यावर म्हणाले, “माझे वडील लढाईत जखमी झाले. आई त्या इस्पितळात नर्स. लढाई नाही, तर जखम नाही. मग माझं काय गं?”

“मग तुम्ही नाही, बाबा. तुमचा लेकही नाही. मी सुटले!”

सूनबाई हसली, पण सासऱ्यांना चैन पडेना. आईवडिलांची गाठ दुसरीकडे कुठे पडली असती का? हे विचारायला एकच माणूस उरलं होतं, आईची धाकटी बहीण. रविवारी दोघं तिच्याकडे गेली.

मावशी खिडकीशी मटार सोलत बसली होती. प्रश्न ऐकून तिचे हात थांबले.

“बाळ्या, तुझ्या आईचं लग्न ठरलं होतं. बेकरीवाल्याच्या मुलाशी. तो पहिल्याच गाडीनं लढाईवर गेला आणि परत आला नाही. ताई नर्स झाली ती त्याला शोधायला. नवा जखमी आला की आधी त्याचा चेहरा बघायची.”

“वडिलांना ठाऊक होतं?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं तिनं. तर तो म्हणाला, मीही शोधतो. कुबड्या घेऊन वॉर्डभर चौकशी करत हिंडायचा.”

“आणि तो बेकरीवाला? कसा होता?”

“उंच. भुवया कायम पिठानं पांढऱ्या. शिट्टी अशी वाजवायचा की आमचा कुत्रा आम्हाला सोडून त्याच्या मागे पळायचा.” मावशीनं ओठांचा चंबू करून पाहिला. नुसतीच हवा आली. “दात कुठे राहिलेत आता!”



पुढच्या शुक्रवारी मालिकेत पहिली गाडी स्टेशनात उभी होती. डबे जवानांनी भरलेले. सासरे रेडिओजवळ वाकून पुटपुटत होते, “सोडू नका रे, गाडी सोडू नका.”

“बाबा, गाडी सुटली नाही तर तुमचं काय?”

“माझं काय व्हायचं राहिलंय? पंच्याहत्तरी उलटली, सून डोक्यावर बसली. त्या पोराचं अजून लग्न व्हायचंय.”

गाडी सुटली नाही. हुकूम फिरला, पोरं फलाटावर उतरली. सासऱ्यांनी लगेच मावशीला फोन लावला.

“मावशी, उतरला गं तो!”

तिनं पलीकडून विचारलं, “खरंच? मग आता कुठे निघालाय?”

याचं उत्तर मालिकेत नव्हतं. सासऱ्यांनी स्टूल ओढलं, नीट टेकून बसले आणि म्हणाले, “सांगतो. ऐक.”