उघड्या डोक्यांचा ईस्टर

टॅलमनच्या दुकानात आम्हा काळ्या बायकांना टोपी डोक्यावर घालून बघायची मुभा नव्हती. लांबून निवडायची, पैसे टाकायचे, घरी न्यायची. घट्ट झाली तर आपलं नशीब. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हार्लो बेंड गावात आमच्या प्रत्येक घरात कपाटावर अशा न बसलेल्या टोप्या धूळ खात असायच्या.

१९६१च्या मार्चमध्ये मी कॉलेजातून घरी आले होते. ईस्टर तोंडावर आलेला, आणि त्या दिवशी चर्चला नवी टोपी घालूनच जायची आम्हा बायकांची रीत. मोझेल मावशीबरोबर मी टॅलमनकडे गेले. तिथे कडेला जाळी लावलेली एक फिकट जांभळी टोपी होती. मी ती उचलली आणि आरशासमोर उभी राहून सरळ डोक्यावर चढवली.

विकणारी मुलगी किंचाळलीच. टॅलमन आतून धावत आला.

"आता तूच घ्यायची ही. दुसरं कोणी हात लावणार नाही हिला!"

मावशी वीस वर्षं गोऱ्यांच्या घरी इस्त्री करत होती. ती कुणाला उलट बोललेली मी कधी ऐकली नव्हती. तिनं माझ्या डोक्यावरची टोपी काढून अलगद काउंटरवर ठेवली.

"माझी भाची आहे ती," ती म्हणाली. "सकाळीच न्हालीय."

आणि आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "बायकांना बोलवायला हवं."

ईस्टरला दहा-बारा दिवस असताना, बुधवारी दुपारी चर्चमध्ये बायका जमल्या. टॅलमनकडून यंदा काही घ्यायचं नाही, दुकानासमोर फलक घेऊन दोघी-दोघींनी उभं राहायचं आणि ईस्टरला उघड्या डोक्यानं यायचं, असं मावशीनं सुचवलं. पहिल्या दोन गोष्टींना माना हलल्या. तिसरीला म्हाताऱ्या ओडेसाबाई उसळल्या.

"देवाच्या दारात उघड्या डोक्यानं? माझी आई थडग्यातून उठून येईल!"

"येऊ दे की, पहिल्या बाकावर बसवू," मावशी म्हणाली. "अहो ओडेसाबाई, त्या टॅलमननं जन्मभर आपल्याला टोप्या घातल्या. आपल्या आपण तेवढ्या घालू दिल्या नाहीत."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओडेसाबाई मात्र हसल्या नाहीत.

आम्ही उभ्या राहिलो. कुणी थुंकलं, कुणी गाडीतून शिव्या घातल्या, पोलिसांनी नावं लिहून नेली. चौथ्या दिवशी मावशीच्या मालकिणीचा निरोप आला, उद्यापासून येऊ नकोस. मावशी पायरीवर बसून राहिली.

"भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"वाटते ना. पण उद्या नऊला आपली पाळी आहे. बूट पुसून ठेव."

ईस्टरच्या सकाळी चर्च भरलं. शंभरावर बायका, एकीच्याही डोक्यावर टोपी नाही. हात सारखे सवयीनं वर जायचे आणि रिकामेच खाली यायचे. प्रार्थना सुरू व्हायच्या बेतात दार उघडलं आणि ओडेसाबाई आल्या. चार पांढरे केस, बाकी सगळं टक्कल. आम्ही बघतच राहिलो.

"माझ्या टकलात काय बघताय?" त्या खेकसल्या. "गाणं म्हणा!"

तसं गाणं त्या चर्चमध्ये मी पुन्हा ऐकलं नाही.

ईस्टर झाला तरी आम्ही हटलो नाही. फलकांसमोरून दुकानात शिरायला गोऱ्या बायकाही कंटाळल्या. जूनमध्ये टॅलमन स्वतः आमच्या पाद्रीबाबांना भेटायला आला. टोपी घालून बघायची आरशापुढची खुर्ची सगळ्यांना खुली झाली.

मावशी त्या खुर्चीत ऐसपैस बसली. तिनं अकरा टोप्या घालून पाहिल्या. ती विकणारी मुलगी ओठ घट्ट मिटून एकेक आणून देत होती. बाराव्या वेळी मात्र न राहवून म्हणाली, "ही जरा तिरकी घाला. तशी शोभते तुम्हाला."

मावशीनं तिरकी केली. बराच वेळ आरशात बघितलं.

"शोभते खरी," ती म्हणाली. "पण आज मी नुसती बघायला आलेय."

पुढच्या रविवारी चर्चच्या दारात नवा कागद लागला. गावाच्या वाचनालयात आम्हाला मज्जाव होता. तिथे जाऊन बसायला कोण कोण तयार, त्यांची नावं हवी होती. मी पेन घेऊन पोचले तेव्हा सगळ्यात वरचं नाव लिहून झालं होतं. कापऱ्या, मोठाल्या अक्षरांत: ओडेसा प्रुइट.