बुजवलेली भोकं

गल्लीच्या तोंडाशीच इंजिनीअरबाई थबकली. काल चाळणीसारखा दिसणारा नवा रस्ता आज कसा गुळगुळीत!

"कसा झालाय?" मुकादमाने ऐटीत विचारलं. "पहाटेपासून चौघं राबतोय. दगडाची भुकटी घालून सगळी भोकं बुजवली. साहेबांसमोर भोकाभोकाचं काम दाखवायचं म्हणजे आपली लाज जायची!"

"अहो काका, त्या भोकांसाठीच तर रस्ता केलाय!"

काँक्रीटमध्ये तिने मुद्दाम वाळू घातली नव्हती. खडीतल्या फटींमधून पाणी खाली जमिनीत जावं, गल्ली तुंबू नये, एवढ्यासाठी. पालिकेचे साहेब आज त्यावर पाणी ओतून बघणार होते. मुरलं नाही, तर रस्ता उखडून डांबर.

मुकादमाचा चेहरा पडला. "मग धुऊन काढू?"

"धुतलं तर भुकटी आणखी आत बसेल. वर ओढायला हवी."

मुकादम समोरच्या सुताराकडे धावला आणि भुसा ओढायचं यंत्र घेऊन आला. मागून सुतार ओरडत होता, "माझ्या मशीनला रस्ता खायला घालताय होय!"

सुताराच्या दारापुढचा तुकडा जेमतेम साफ झाला आणि साहेब आले.

"इथेच ओता," मुकादम तिच्या कानाशी लागला. "बाकीच्यावर मी उभा राहतो."

उरलेल्या ऐंशी मीटर रस्त्यावर? तिला हसू आलं. तिने साहेबांना सगळं खरं सांगून टाकलं.

साहेबांनी बुजलेल्या जागी तांब्याभर पाणी ओतलं. डबकं साचलं. "बघा! मी हेच म्हणत होतो. धूळ बसली की संपला तुमचा रस्ता."

"साहेब, धूळ मी बसवलीय, मीच काढतो," म्हणत मुकादमाने डबक्याशेजारच्या कोरड्या जागेवर यंत्र फिरवलं. दोन मिनिटं नुसती घरघर. मग त्याने स्वतःच तिथे बादली उपडी केली.

पाणी गायब. साहेबांनी बूट टेकवून बघितला. नुसता ओलसर.

"गेलं कुठे?"

"तुमच्या पायाखाली," ती म्हणाली. "जमिनीत."

साहेबांनी आणखी दोन बादल्या ओतायला लावल्या. दुसरी तर त्यांनी हौसेने स्वतःच ओतली. "राहू द्या रस्ता. पण हे यंत्र दर महिन्याला फिरलं पाहिजे."

"माझं नाही हं!" सुतार दारातून ओरडला.

साहेब गेल्यावर मुकादम तिच्याजवळ आला. "ताई, इथे एक पाटी लावा. भोकं बुजवू नयेत म्हणून."

"तुम्हाला आता ठाऊक आहे की."

"मला आहे हो. पण मी रजेवर गेलो आणि माझ्यासारखाच कुणी कामसू आला तर?"