फुलाबाईचे दोन प्रश्न

मी लॉगटेबल बोलतोय, मोठे गुणाकार-भागाकार सोपे करणाऱ्या कोष्टकांची पुस्तिका. बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून सायन्सची पोरं मला बाळगतात. अंगाने पातळ आहे, पण स्वभाव जरा ताठ. कुणी घाईघाईत भलतीच ओळ वाचली की माझं डोकंच फिरतं.

१९९७ साली मी उज्वलाकडे आलो. तिचे वडील सहादू हरसूलकडून येऊन सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर लागलेले. पोरगी हुशार, पण मार्चमध्ये फिजिक्सला गचकली. दोन विद्युतप्रभारांमधलं बल काढताना तिची दांडी उडायची. सूत्र तोंडपाठ होतं हो! पण अंतर तीन सेंटिमीटर, म्हणजे तीन गुणिले दहाचा उणे दोन घात, असं आलं की बाईसाहेब तीनचा वर्ग करायच्या आणि घात तसाच ठेवायच्या. उत्तर साठ न्यूटन यायचं तिथे शून्य दशांश सहा!

त्यानंतर तिने धसकाच घेतला. बे त्रिक सहासाठीसुद्धा मला उघडायची. अगं वेडे, चूक घातात आहे, माझ्यात काय शोधतेस?

सहादू वाईट नव्हता, दमलेला होता. ऑक्टोबरला पास झाली तर पुढे शिकेल, नाहीतर गावी भाताच्या कामाला जाईल, असं त्याने सांगून टाकलं. उज्वला त्या दिवशी जेवली नाही. मला फार वाईट वाटलं.

मग तिने एक युक्ती केली. आकडे एका ओळीत, घात दुसऱ्या ओळीत मांडायला लागली आणि आईला दोन प्रश्न पाठ करायला लावले. फुलाबाई शाळेत गेलेली नव्हती. भाकरी थापता थापता प्रत्येक गणितानंतर विचारायची, "डोक्यावरचा बी दुप्पट केला का? खालचा वर नेला, मंग त्याचं चिन्ह फिरवलं का?" डोक्यावरचा म्हणजे दहाचा घात, खालचा म्हणजे छेदातला. पोरीने पटकन हो म्हटलं की पुन्हा बघायला लावायची. अशी गोड माऊली मी दुसरी पाहिली नाही.

ऑक्टोबरच्या पेपरात तेच गणित आलं. उज्वलाचा हात माझ्यावर येऊन थांबला. आईचे दोन प्रश्न तिने ओठांतल्या ओठांत म्हटले. तिने उणे दोन खोडून उणे चार केलं, वर नेताना अधिक चार केलं आणि साठ न्यूटन लिहून मोकळी झाली. मला उघडलंच नाही! मिटून राहण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

पोरगी पास झाली, डिप्लोमाला गेली, नोकरीलाही लागली. मी माळ्यावर पिवळा पडलो.

परवा सहादूने मला रद्दीत टाकलं, तर फुलाबाईने लगेच उचलून घेतलं.

"हे नाय द्यायचं," ती म्हणाली. "माझ्या पोरीला यानंच पास केलंय."

आता ती मला देवाजवळ ठेवते आणि सणाला हळदकुंकू लावते. मला फार लाजल्यासारखं होतं. खरं काय ते सांगायला मला तोंड नाही, तुम्हाला आहे. जमलं तर तिच्या घरी जा, आणि पास कुणी केलं ते तिला सांगा.