भिवाचे डोळे

भुरकट ढोकरी बगळी काठावरच्या दगडावर मान आखडून बसली होती आणि कास्मीर ओल्या चिखलात गुडघा टेकून तिच्यावर कॅमेरा रोखत होता. गिरणीमागच्या या तळ्यावर तो वर्षभर दर रविवारी येत होता. चर्चमधली मास आटोपली की घरी न जाता पडक्या भिंतीतून आत शिरायचा, काठाकाठाने एक फेरी मारायचा आणि दिसेल त्या पाखराचा फोटो घ्यायचा. पाण्यावर तेलाचा तवंग असे, पण पाखरं यायची. स्टुडिओतला जुना कॅमेरा. फोटोत बगळा तांदळाएवढा उमटायचा. आज मात्र ढोकरी जवळ होती. तिचा पिवळा डोळा त्याला स्पष्ट दिसत होता.

मागे चिखलात पाऊल वाजलं. ढोकरी पांढरे पंख उघडून पलीकडच्या काठाला गेली.

“फोटोवाले कास्मीर तुम्हीच ना? दुकान बंद होतं. गेटावरच्या बुधाजीनं सांगितलं, रविवारी इकडं असता.”

पंचविशीची बाई होती. कपाळ मोकळं, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. कास्मीरने आधी तिच्या मनगटावरचं गोंदण ओळखलं, मग तिला.

गेल्या वर्षी जानेवारीत मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि पोलिसांचा गोळीबार झाला, त्या आठवड्यात त्याला नायगावच्या चाळीत बोलावणं आलं होतं. गोळी लागून गेलेल्या भिवाचा एकही फोटो घरात नव्हता. नेण्याआधी एक तरी असावा म्हणून त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं, पण मान सारखी कलंडत होती. ‘कुणीतरी हनुवटी धरा,’ कास्मीर म्हणाला, आणि पुढे झाली ती भिवाची बायको, बकुळा. ‘तुम्ही बाजूला सरका बाई, मध्ये येताय,’ असंही तो म्हणाला होता; फोटोत हनुवटीखाली तिचा हात तेवढा राहिला. त्या आठवड्यात त्याने असे सात फोटो काढले. त्यानंतर तो या तळ्यावर येऊ लागला.

“बसा,” तो म्हणाला.

बकुळा दगडावर टेकली. तिने फडकं सोडून फोटो मांडीवर ठेवला.

“नागपूरला दीक्षा झाली, तवापासनं आम्ही फळीवरचे देव उतरवले. बाबासाहेबांचा फोटो लावलाय. शेजारी यांचा लावावा म्हणते. पण डोळे मिटलेले आहेत. पोरगी यांच्या मागं झाली. मोठी झाली की विचारेल, बाप झोपलाय का म्हणून. तुम्ही ब्रशानं डोळे उघडून देता म्हणे. तेवढं करा. आणि हा माझा हात काढून टाका.”

कास्मीरला ते काम येत होतं. बारीक कुंचला, थोडी शाई, मन लावून अर्धा दिवस. कितीतरी घरांत त्याने उघडलेले डोळे भिंतीवरून बघत होते.

“करतो. पण कसे होते ते सांगावं लागेल. मोठे होते? बारीक?”

“मोठेच,” बकुळा म्हणाली. मग तिने फोटोकडे पाहिलं. “नाही. बारीक असतील.”

कास्मीरने कॅमेऱ्याला झाकण लावलं.

“भुवईखाली जरा खोल...” ती बोलता बोलता थांबली. बोटांनी पदराचं टोक पिळत राहिली.

“पोरीचे त्यांच्यावर गेलेत का?”

“सगळे म्हणतात, माझ्यावर.”

पाणी हललं नाही. पलीकडे गिरणीचं धुराडं रविवार म्हणून थंड उभं होतं.

“चार वर्षं नांदले मी,” बकुळा हळू म्हणाली. “ते कायम रातपाळीला. सकाळी यायचे, भाकरी खाऊन आडवे व्हायचे. एका खोलीत नऊ माणसं. सासऱ्यांच्या देखत नवऱ्याच्या तोंडाकडं कशी बघणार? ते झोपले की बघायची. दिराच्या पोरांना गप्प करत, भाजी निवडत, बघत बसायची.”

तिने फोटोवरून तळहात फिरवला, धूळ नसतानाही.

“असेच दिसायचे ते. राहू दे. डोळे नका करू.”

वर्षभर जे बोलायचं होतं, ते सगळं सांगण्याऐवजी तो एवढंच म्हणाला,

“मग हात तरी पुसून देतो. त्या दिवशी मी तुम्हाला बाजूला सरका म्हणालो होतो. तेवढं माझ्याकडून होऊ दे.”

बकुळाने फोटो फडक्यात गुंडाळला आणि उठली.

“नको, भाऊ,” ती म्हणाली. “मान पडेल त्यांची.”