कोंडाजींची तांब्याची पट्टी

'ग्राहकाने यंत्राशी छेडछाड केली,' असं अहवालात आधीच छापलेलं होतं. खाली माझं नाव होतं, सही तेवढी बाकी होती. बोट न बघताच निकाल! थळच्या बंदरावर गाडीतून उतरले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आमची कंपनी मच्छीमार बोटींसाठी एक डबा बनवते. संकटात लाल बटण दाबलं की बोट कुठे आहे ते किनाऱ्याला कळतं. त्याच्या आतला बोर्ड मी आखला. त्यावरच्या मुख्य चिपला पाय नसतात, पोटाखाली सोल्डरच्या अडीचशे बारीक गोळ्या असतात. त्यातल्या साठ गोळ्यांचं एकच काम, बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या सलग थराला धरून राहायचं. त्या थराला आम्ही ग्राउंड म्हणतो. प्रत्येक गोळीला शेजारीच स्वतःचं भोक हवं, थेट त्या थरापर्यंत उतरणारं. वाट लांबली की जवळचा वायरलेस बोलू लागताच चिप भांबावते आणि बंद पडते. मी साठ गोळ्यांना साठ भोकं दिली होती.

माझ्यासोबत बंदरावर आलेले हर्षद सर आमचे मालक. खर्च वाचवायला त्यांनी तो थरच उडवला. "नुसतं तांबं तर आहे, मृणाल. कुणाला दिसतंय?" सहा-सहा गोळ्यांना मिळून एक भोक उरलं, तेही कडेच्या एका बारीक तांब्याच्या रेघेला जोडलेलं. मी लेखी हरकत घेतली, तिला आजवर उत्तर नाही; तिची प्रत मी आज सोबत आणली होती. आणि असे चाळीस डबे चाळीस बोटींवर बसले.

डबा बंद पडतो अशी तक्रार करणारे कोंडाजीकाका त्यातलीच एक बोट चालवणारे तांडेल. त्यांच्या डब्यापासून इंजिनापर्यंत एक रुंद तांब्याची पट्टी ताणून बांधली होती.

"हे काय केलंत?" सर ओरडले.

"काय करनार, साहेब? वायरलेसचा बटन दाबला का तुमचा डबा मरतो. पट्टी बांधली तवापासून दहातनं दोनदाच मरतो."

"हीच ती छेडछाड! मृणाल, सही कर."

चोर तो चोर, वर शिरजोर. मी पट्टी सोडली आणि काकांना वायरलेसवर बोलायला सांगितलं. त्यांनी बटण दाबून "हालो" म्हटलं, डब्याचा हिरवा दिवा विझला. पट्टी परत लावली, डबा चालू केला, पुन्हा बोलायला लावलं. या वेळी दिवा जळत राहिला.

मी तळा गावची, भातवाल्यांची पोर. मला समुद्राचं काही कळत नाही. पण बुडणारा माणूस आधी वायरलेसवर हाका मारणार, एवढं मलाही कळतं. नेमका तेव्हाच आमचा डबा मेलेला असणार. शरमेने माझे कान तापले.

सरांनी पट्टी बोटाने वाजवून पाहिली. मग चक्क हसले. "झकास! सगळ्या बोटींना पट्ट्या पाठवू. 'सागर कवच' नाव देऊ. अहवालात लिही, कंपनीची नवी सुधारणा."

पाच मिनिटांपूर्वी जो काकांचा गुन्हा होता, तो आता आमचा शोध झाला होता!

"आणि दहातनं दोनदा मरतो त्याचं काय?" मी विचारलं. "त्या दोनदा बुडणारे कुणाच्या घरचे?"

सरांनी मोबाइल काढला आणि पाठ फिरवली. मी बोटीच्या फळीवर अहवाल ठेवला, छापलेली ओळ खोडली आणि लिहिलं: 'दोष बोर्डाचा. ग्राउंडचा थर मालकांच्या सांगण्यावरून काढला, माझी लेखी हरकत सोबत जोडली आहे. चाळीसही डबे बदलावेत. पट्टी कोंडाजी तांडेल यांनी स्वतःच्या अकलेने बसवली.' खाली ठसठशीत सही केली. मच्छीमार सोसायटीच्या नूतनताई शेजारीच उभ्या होत्या. अहवाल सरांच्या आधी त्यांच्या हातात दिला.

"मृणाल, उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले.

"बरं," मी म्हणाले.

काका पट्टीवर हात ठेवून उभे होते. "बाय, मंग आता ही सोडू का?"

"नका सोडू, काका. नवा बोर्ड येईपर्यंत आमच्यावर नका, हिच्यावरच भरवसा ठेवा."