परातीतली छबुबाई

पालीच्या मारुतीपुढं इतकी माणसं जमली होती, की परात बघायला मारुतीलाही टाचा उंच कराव्या लागल्या असत्या. मधोमध पाण्यानं भरलेली पितळी परात आणि तिच्यामागं बंकटबुवा. लग्नघरच्यानं वाजंत्री, आचारी, मांडववाला अशा एकेकाच्या नावानं सुपारी आणायची. बुवा तिला हळदकुंकू फासून पाण्यात सोडायचा. बुडाली तो नापसंत. तरंगली, तर घरातलं गेलेलं माणूस तिला खालून हात देतंय, असं समजायचं.

आश्रुबा सगळ्यांच्या पुढं बसला होता. बायको छबुबाई जाऊन वर्ष झालं होतं आणि पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं. घरात कुणाला बोलवायचं, कुणाला दारातूनच वाटंला लावायचं, हे छबुबाई ठरवायची. बीडच्या कचेरीत उर्दू कागदावर अंगठा उठवायचा, तरी आश्रुबा म्हणायचा, "घरी इचारून येतो." आता घरी विचारायला कुणी नव्हतं.

"छबुबाई, माय!" बुवानं डोळे पांढरे केले. "सात आभाळं वलांडून ये, अमृताची नदी पोहून ये! ही घे सनईवाल्या शहादेवची सुपारी!"

सुपारी डुबुक करून तळाला गेली.

"ही धोंडीरामच्या ताफ्याची!"

सुपारी तरंगली.

"आली! आली!" गर्दीत एकच गलका झाला. आश्रुबा परातीवर इतका वाकला, की पागोट्याचं टोक पाण्यात भिजलं.

"बरी हायस न्हवं?" त्यानं हळूच विचारलं.

सुपारी हलली. त्याच्याच श्वासानं हलली, पण एवढी अक्कल त्या घडीला त्याच्यापाशी कुठली!

त्याची थोरली बहीण भिवराबाई लग्नासाठी आली होती. ती म्हणाली, "आरं, धोंडीराम? माझ्या बबनच्या लग्नात त्याची सनई ऐकून छबू काय म्हणली हुती? म्हैस अडलीय, कुणीतरी बघा, म्हणली हुती!"

"मेल्यावर माणूस निवळतं, अक्का."

मग आचाऱ्याची सुपारी तरंगली. बुंदी जाळण्यात ज्याचा हात बीडात कुणी धरत नव्हतं, तो निघाला.

"हाबी तिलाच पसंत का?"

"तिकडं बुंदीच मिळत नसंल, अक्का. मंग जळकी काय आन् चांगली काय."

भिवराबाईनं कपाळाला हात लावला. आश्रुबाला मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. लग्न सनईवाचून झालं असतं तरी चाललं असतं त्याला. छबुबाई परातीत येत होती, हेच त्याला पुरं होतं. बुवा मांडववाल्याकडं वळला, तर आश्रुबा मध्येच म्हणाला, "बुवा, तिला इचारा, शेवटी माझ्याकडं बघून व्हट हालवत हुती, ती काय म्हणत हुती?"

"सुपारी व्हय-न्हाई सांगती. भाषण न्हाई करीत," बुवा खेकसला.

तेवढ्यात भिवराबाईनं तरंगती सुपारी उचलली. बुवा ओरडला, "ठेव! ती देवाची हाय! नदीत सोडायची!"

"कावून? माझ्या भावजयीनं हात लावलेली सुपारी. परसाद म्हणून खाते की!" तिनं चंचीतून अडकित्ता काढला आणि दाबला.

कडक आवाज आलाच नाही. अंड्याचं टरफल फुटावं तशी सुपारी फुटली. आत गर नव्हता. दोन फाका करून, पोखरून, लाखेनं पुन्हा जोडलेली होती ती. वरच्या हळदकुंकवाखाली सांधा झाकला गेला होता. लोकांनी बुवाची मूठ उघडली, तेव्हा आश्रुबानं घरून आणलेली खरी सुपारी तिथं घाम पीत बसलेली. हळदकुंकू लावता लावता बुवा अदलाबदल करायचा, आणि ज्यानं पैसे देऊन त्याचे हात ओले केले त्याच्या नावानं पोकळ सुपारी सोडायचा.

"बाईच्या हातानं देव कोपला!" बुवा गरजला.

"कोपला आसंल तर त्यालाबी लाख लावून जोड!" भिवराबाई म्हणाली, आणि मारुतीपुढं हसण्याचा पूर आला.

आश्रुबा हसला नाही. त्यानं आपली खरी सुपारी घेतली, डोळे मिटले आणि पाण्यात सोडली. बुडाली. बाहेर काढली, पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा बुडाली. तो तिसऱ्यांदा हात घालायला लागला, तसं लोकांचं हसणं आपोआप थांबलं.

"पुरं, आश्रुबा," भिवराबाईनं त्याचं मनगट धरलं. "ती न्हाई तिथं."

"लई वाटलं गं अक्का, हाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी तो लिंबागणेशला चालत गेला आणि शहादेवच्या दारात बसून सनई ऐकली. मग एका आचाऱ्याच्या कढईजवळ उभा राहून त्यानं बुंदी चाखली. पहिला घास घाईनं तोंडात टाकला, जीभ पोळली, आणि चवच कळली नाही. दुसरा फुंकून खाल्ला. गोड होती. दोघांनाही त्यानं आपल्या हातानं सुपारी दिली. आयुष्यात कुणालाही न विचारता घेतलेला तो त्याचा पहिला निर्णय, आणि वय पन्नाशीच्या पुढं!

गेलेल्या माणसासाठी रडावं, पोटभर रडावं. त्यात लाज नाही. पण वाजंत्री निवडायला देवानं आपल्याला कान दिले आहेत आणि आचारी निवडायला जीभ. ती कामं मेलेल्यांवर टाकली, की मधे एखादा बंकटबुवा परात घेऊन बसतोच. चांगली सुपारी पाण्यात बुडते. तरंगली, तर हात जोडण्याआधी ती फोडून बघावी.