टिकलीवाली फाइल

नखाला चिकटलेली लाल टिकली काही केल्या निघेना. वाटाण्याएवढी, कागदाची, मागे गोंद लावलेली. अंगठ्यानं खरवडली तर अंगठ्याला चिकटली, अंगठ्यावरून काढली तर मधल्या बोटाला... आणि खणातल्या पानावर अशा आणखी चाळीसेक, रांगेनं, आणि जिथली गेली तिथं पांढरं भोक. हात धुवावेत म्हणून सिस्टर बेसिनपाशी गेली. बाहेर, लहान मुलांच्या कानांच्या विभागात, बाकांवर एव्हाना वीसेक आया बसल्या होत्या आणि मुलं रडत होती. ज्यांना स्वतःचं रडणं ऐकू येत नाही ती जरा जास्त मोठ्यानं. सव्वाआठ वाजले होते.

ही टिकली तिचीच. आठ वर्षांपूर्वी ती नुकतीच विभागाची मुख्य सिस्टर झाली होती, अंगात जोर होता, आणि ही टिकली तिच्या डोक्यातून निघाली. ज्या मुलाचं घर लांब, ज्याच्या आईला कामावरून सुटी मिळत नाही, ज्याच्या घरी चिठ्ठी वाचायला कोणी नाही, त्याच्या फाइलच्या कोपऱ्यावर एक लाल टिकली लावायची. म्हणजे बाबांनो, यांना सांभाळून घ्या, आदल्या दिवशी फोन करा, तारीख देताना विचारा की तुम्हाला कधी जमेल. सगळ्यांना एकाच मापानं मोजलं म्हणजे न्याय झाला असं होत नाही, हे तिनं सभेत उभं राहून सांगितलं होतं. आवाज कापत होता, पण सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली होती. काय छान वाटलं होतं त्या दिवशी! आता आठवलं की लाज वाटावी, इतकं छान.

मग टिकलीचं काय झालं? काहीच झालं नाही, आणि इथंच घोडं पेंड खातं. टिकली राहिली. फोन करणारी मुलगी नोकरी सोडून गेली आणि तिची जागा कुणी भरली नाही. नवी माणसं आली, त्यांना टिकलीचा अर्थ कुणी सांगितला नाही, तेव्हा त्यांनी आपापला लावला — टिकली म्हणजे हे येत नाहीत, टिकली म्हणजे आईबापांना फिकीर नाही. 'टिकलीवाले' असा शब्दच रुळला. आणि दोन वर्षांपूर्वी ठरलं की टिकलीवाल्यांना सकाळी आठची वेळ द्यायची, कारण ते आले नाहीत तरी कुणाचा खोळंबा होत नाही. जे सगळ्यात लांबून येतात त्यांना सगळ्यात आधीची वेळ! हे ठरलं तेव्हा ती त्या खोलीत होती. तिनं विरोध केला का? तिला आठवतं ते एवढंच की त्या दिवशी डोकं दुखत होतं, आणि ती "बघा, चालेल" म्हणाली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती... आणि त्या मारुतीला शेंदूरही मीच फासला, पानंच्या पानं.

आज दुपारी दोनला बैठक. कानामागे शस्त्रक्रिया करून बसवायचं यंत्र वर्षातून दोनदाच फुकट मिळतं. या वर्षीचं एक उरलंय आणि मुलं दोन आहेत. आणि चार वाजता वरच्या कार्यालयातले पाहुणे यायचेत, टिकलीची योजना बघायला. म्हणे, दुर्लक्षित मुलांसाठी असं काही आणखी कुठं नाही. खरंच नसेल.

"सिस्टर, तुमची टिकली आली बघा," नोंदणीच्या खिडकीतली बाई ओरडली. "आठची वेळ, आता वाजलेत नऊ पन्नास. आल्या हेच नशीब."

भिंगरी आणि तिची आई. भिंगरी हे नाव सिस्टरनंच ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी ठरत नाही — आणि तिला ते ऐकू येत नाही हे सोयीस्करपणे विसरून. चार वर्षं आठ महिने. पाचाच्या आत यंत्र बसलं तर मूल बोलायला शिकतं, पुढं मग ते दार हळूहळू लागत जातं, आणि नंतर कितीही मोठ्यानं वाजवलं तरी उघडत नाही. आई धापा टाकत होती. पहाटे पाचपासून आठपर्यंत ती मोठ्या कार्यालयांच्या फरश्या पुसते, साहेबलोक यायच्या आत. तिथून शेजारणीकडे, शेजारणीकडून मुलीला घ्यायचं, मग दोन बस. तिच्या हातांना फिनेलचा वास येत होता.

"चुकलं सिस्टर. डोळ्यांदेखत सुटली बस."

"अहो, पण तुमची बस दर वेळी कशी सुटते?"

हे कोण बोललं? वाक्य तिच्याच तोंडातून निघालं होतं, पण ते तिचं नव्हतं, ते फार जुनं होतं... ती नऊ वर्षांची, आईची पिशवी धरून उभी, धाकट्या भावाच्या कानात कापसाचा बोळा आणि बोळ्यातून ओघळणारा पू. खिडकीतल्या नर्सनं मान वर न करता विचारलं होतं, "तुमची बस दर वेळी कशी सुटते?" आणि आई हसली होती. हो, हसली — ओशाळं, अर्धं हसू — आणि म्हणाली होती, "काय करणार." त्या हसण्याचा तिला किती वर्षं राग होता, त्या नर्सपेक्षा जास्त. तिसऱ्या तारखेला आई गेलीच नाही. कान आपोआप सुकला, म्हणजे ऐकणंच सुकलं. धाकटा आता चाळिशीला आलाय, फोनवर अजून म्हणतो, "थांब ताई, चांगला कान लावतो," आणि स्वतःच हसतो. तिला आजवर एकदाही हसू आलेलं नाही.

आणि आज तोच सूर, तीच चाल. मी तर त्या नर्सचं उट्टं काढायला म्हणून या नोकरीत शिरले होते.

भिंगरी तोवर स्टुलाला तीन गिरक्या घालून टेबलापाशी आली होती. खण उघडा होता. तिनं पानावरची एक टिकली नखानं अलगद सोडवली आणि सिस्टरच्या पालथ्या हातावर, मनगटाच्या जरा वर, दाबून बसवली.

"अगं, नको!" आई ओरडली. सगळ्याच आया अशा ओरडतात, ऐकू येत नाही हे माहीत असून. "आज ठरणार ना सिस्टर? मग मी थांबते. आता संध्याकाळपर्यंत दुसरं काम नाही मला."

"थांबा," सिस्टर म्हणाली, आणि पुढची फाइल घेतली.

बैठकीत टेबलावर दोनच फायली होत्या, एक भिंगरीची. दुसरी एका तीन वर्षांच्या मुलाची. त्याचे आईवडील एकूण एक तारखेला हजर, वडील वहीत सगळं लिहून घेतात, डॉक्टरांना शंका विचारतात. त्या बिचाऱ्यांचा काय दोष. त्यांच्याही मुलाला ऐकू येत नाहीच. पण तो एक वर्ष थांबू शकतो आणि भिंगरी थांबू शकत नाही. ही वजाबाकी कुणालाही करता आली असती.

"वय बघता मुलीला आधी द्यायला हवं, हे कळतं मला," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण नुसतं यंत्र बसवून भागत नाही. पुढं दोन वर्षं दर आठवड्याला बोलायच्या शिकवणीला यावं लागतं. यांच्या अकरा तारखांपैकी सहा चुकल्यात. शिवाय टिकली आहे. सिस्टर, तुम्ही ओळखता त्यांना. काय वाटतं तुम्हाला?"

तिनं तारखांचा कागद पुढं ओढला, उगाच, वेळ काढायला. आणि तेव्हा दिसलं. आजवर कसं दिसलं नाही? ज्या पाच तारखांना ती बाई आली होती त्या सगळ्या दुपारच्या होत्या, एखाद्या डॉक्टरांच्या रजेमुळे पुढं ढकललेल्या. चुकलेल्या सहाही सकाळी आठच्या. साडेआठनंतर आलेल्याला आम्ही 'गैरहजर' लिहितो, म्हणजे आजसारखी ती धापा टाकत येऊन परतही गेली असेल यातल्या काही दिवशी... दुपारची वेळ दिली की बाई येते. एवढंच. इतकं साधं, शाळकरी पोरालाही कळावं असं.

"बाई कष्टाळू आहे," ती म्हणाली. "मुलीवर फार जीव आहे तिचा. पण..."

पण वेळा आपण चुकीच्या दिल्या. हे पुढचं वाक्य. जिभेवर तयार होतं, उघडं, साधं. पण ते बोलायचं म्हणजे हेही बोलायचं की टिकलीनं काय केलं, आणि टिकली कुणाची, आणि कोण "बघा, चालेल" म्हणालं होतं. आणि चार वाजता पाहुणे, आणि त्या कोपऱ्यात कागदात गुंडाळून ठेवलेलं तिच्या नावाचं सन्मानपत्र... तिनं श्वास घेतला. जेवढा वेळ श्वासाला लागतो तेवढाच.

"हं, तेच," डॉक्टर म्हणाले. "तो पणच आड येतो." आणि त्यांनी फाइल अगदी हळुवार मिटली. माणूस हळुवारच आहे, तीच तर पंचाईत. एखादा खडूस असता तर त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं. "ठीक आहे, मग मुलाला देऊ. मुलीचं नाव पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी म्हणजे काय ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "सिस्टर, या निर्णयाच्या कागदावर तेवढी चारच्या आत सही करून पाठवा."

कागद हातात घेऊन ती बाहेर आली. अजून परत जाता येईल. दार ढकलायचं आणि म्हणायचं, सर, माझं वाक्य अर्धं राहिलं. त्यात काय आहे? आठ वर्षांपूर्वीची ती, आवाज कापणारी, गेली असती. ती कुठं गेली? तिला कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. तिचं एक दिवस डोकं दुखलं, एवढंच. ती जिन्यापर्यंत गेली, परत फिरली, बैठकीच्या दारापर्यंत आली. आत कुणी तरी काहीतरी विनोद केला होता आणि सगळे हसत होते. ती तशीच बाकांकडे वळली.

भिंगरीची आई तिच्याकडे पाठ करून बसली होती. शेजारच्या, आजच पहिल्यांदा आलेल्या बाईला काहीतरी समजावत होती, जाणत्या माणसाच्या तोऱ्यात.

"आमच्या फाइलवर टिकली आहे ना. सिस्टरनी स्वतः लावलीय. ज्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं त्यांनाच लावतात ती. मला बोलल्या होत्या तेव्हा. म्हणून तर मला घोर नाही."

बोलले होते मी. दोन वर्षांपूर्वी, याच बाकापाशी, हिच्या खांद्यावर हात ठेवून. टिकलीचा खरा अर्थ आता या इमारतीत एकाच माणसाला माहीत होता, आणि ते माणूस फरश्या पुसत होतं.

नव्या बाईनं मान वळवली. सिस्टर दिसताच ती मांडीवरचं बाळ सावरत घाईनं उठली. "सिस्टर, आमच्या फाइलला पण लावा की एक. आम्ही पण लांबून येतो."

भिंगरी धावत आली आणि तिनं सिस्टरचा हात धरून पालथा केला. टिकली तिथंच होती. म्हणजे सगळी बैठक ती हातावर घेऊन बसले होते मी, त्या टेबलावर, सगळ्यांसमोर, आणि कुणाला दिसली नाही, मलाही नाही. तिची एक कड सुटली होती. भिंगरीनं ती बोटानं दाबून नीट चिकटवली, आणि समाधानानं हसली, मोठ्यानं, स्वतःला कधी ऐकू न आलेलं हसू.

"सिस्टर?" आई उठून उभी राहिली. "झालं का आमचं?"

घड्याळात चारला दहा कमी होते. सही व्हायची होती. पेन खिशात होतं, कागद हातात होता, दार वीस पावलांवर होतं. आणि तिला जाणवलं की आपण हसतोय. ओशाळं, अर्धं. ते हसू तिनं ओळखलं. ते तिच्या स्वतःच्या आईचं होतं. पण आईला ते शोभत होतं. आई खिडकीच्या त्या बाजूला उभी होती.